वाळूपर्यंत किती मिनिटं

४ मे, सोमवार

आलो एकदाचे. सहा तास गाडी मी एकटीने चालवली. दादाच्या चष्म्याचा नंबर बदललाय म्हणे, म्हणून तो चालवत नाही. नंबर बदलला तर माणसाने नवा चष्मा करावा, पण नाही. शेजारी बसून "आता डावीकडे, आता उतार आहे" एवढं मात्र चालू होतं. खोलीत आल्या आल्या बुटांसकट खाटेवर आडवा झाला. दोन खाटा, एक टेबल, गळका नळ. वहिनी होती तेव्हा हे दोघं दर चार वर्षांनी याच खोलीत उतरायचे आणि महिनाभर किनाऱ्यावर भटकून दादाचं पुस्तक नवं करायचे. वहिनी जाऊन दोन वर्षं झाली. तिचं स्टॉपवॉच आता माझ्या गळ्यात आलंय.

पुस्तक म्हणजे या किनाऱ्यावरच्या बागा, चौपाट्या आणि खोबणी. खोबण हा दादाचा शब्द. दोन कड्यांच्या मधे आत शिरलेली, पायऱ्या उतरून जायची इवलीशी वाळू म्हणजे खोबण. एकूण चोवीस जागा, प्रत्येकीला क्रमांक, आणि खाली पार्किंगपासून किती मिनिटं लागतात तो आकडा. आठ आवृत्त्या झाल्या. आठही आवृत्त्यांची प्रुफं मी घरी बसून तपासली, जागा मात्र एकही पाहिली नव्हती. नोकरीतही एकतीस वर्षं प्रुफंच तपासली. दुसऱ्यांच्या चुका काढण्यात माझा जन्म गेला.

भानगड अशी झाली की एका बाईने प्रकाशकाला पत्र लिहिलं. वडिलांना घेऊन ती सतराव्या क्रमांकाच्या खोबणीत गेली. पुस्तकात बारा मिनिटं लिहिली आहेत, त्यांना चाळीस लागली. परत निघेपर्यंत भरतीने वाट बुडवली आणि दोघांना होडीतून बाहेर काढावं लागलं. प्रकाशक म्हणाला, एकतीस मेपर्यंत सगळ्या वेळा नव्याने मोजून द्या, नाहीतर पुस्तक बंद करू. दादा आठ दिवस त्या पत्राबद्दल चकार शब्द बोलला नाही. मग म्हणाला, "या वेळी म्हाताऱ्या माणसाच्या वेगाने मोजायचं. मी ऐंशीचा असल्यासारखा चालणार. बसणं, थांबणं, सगळं धरायचं. तू फक्त घड्याळ सांभाळ, घाईबाई."

घाईबाई मी. तो अडुसष्टचा, मी एकसष्टची, तरी अजून तेच.

६ मे, बुधवार

पहिले चार झाले. तीन बागा, एक चौपाटी. गाडीचं दार लागलं की बटण दाबायचं, बुटाला वाळू लागली की पुन्हा दाबायचं. बागेत वाळूऐवजी शेवटचं बाक. मधे काहीही झालं तरी घड्याळ थांबवायचं नाही.

दादाचं सोंग बघण्यासारखं आहे. दहा पावलं टाकतो, भिंतीला हात लावतो, मान खाली घालून उभा राहतो. मी म्हटलं, "नाटकात जायचं सोडून पुस्तकं कुठे लिहीत बसलास?" तो हसला, पण आधी दोनदा श्वास घेऊन मग हसला. एवढं भूमिकेत शिरायचं काय कारण, बघायला कोण होतं तिथे?

तिसऱ्या बागेतली माळीणबाई त्याची जुनी ओळखीची. तिने विचारलं, "या वेळी सावकाश?" तो म्हणाला, "या वेळी नीट बघतोय." तिने काचघरात नेऊन रोपं दाखवली. पुढच्या वर्षी फुलतील म्हणाली. दादाने चक्क विचारलं, "या वर्षी एखादं नाही का फुलणार?" इतका अधाशीपणा मी त्याच्यात कधी पाहिला नव्हता. निघताना स्वतःची आठवी आवृत्ती, कडेला बारीक अक्षरात नोंदी केलेली, तिला देऊन टाकली. मी गाडीत त्याला फैलावर घेतलं. नोंदी लागतील ना आपल्याला? तर म्हणे, पाठ आहेत मला.

८ मे, शुक्रवार

पायांचे तुकडे पडलेत. सावकाश चालण्याने माणूस जास्त दमतो, हे कुणी मला सांगितलं नव्हतं. मी पुढे जाते, थांबते, परत येते, म्हणजे प्रत्येक जागा माझी दोनदा होते. आज सातव्या क्रमांकाला एकशेअठरा पायऱ्या. दादा चार ठिकाणी बसला. बसला की जिभेखाली काहीतरी ठेवतो. घसा कोरडा पडतो म्हणे, त्याची गोळी आहे. मी मागितली तर दिली नाही. लहानपणी लिमलेटच्या गोळ्याही अशाच लपवायचा.

संध्याकाळी भाचीचा फोन. "आत्या, बाबा कसे आहेत? जेवतात ना?" म्हटलं, तुझे बाबा मजेत आहेत, हाल माझे आहेत. तिला सोंगाची गोष्ट सांगितली तर खूप हसली. फोन झाल्यावर दादा म्हणाला, "तिला कशाला असलं काही सांगतेस?" आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. साडेसात वाजता.

१० मे, रविवार

आज माझी चूक झाली आणि ती मी मान्य करते.

अकरावा क्रमांक, खोबण. वर दगडी कमान, खाली काळी वाळू, मधे मोडक्या पायऱ्या. तळाला पोचलो आणि बघते तर घड्याळावर शून्य. गाडीचं दार लावताना दादा काहीतरी बोलत होता, त्या नादात मी बटण दाबलंच नाही. एकतीस वर्षांत माझ्या हातून अशी चूक झाली नव्हती. मला रडूच येणार होतं.

दादा दगडावर बसला होता. म्हणाला, "जाऊ दे. अंदाजे पस्तीस लिही."

मी म्हटलं, "आठ आवृत्त्यांत तू एक आकडा अंदाजाने लिहिला नाहीस. मी आले म्हणून आता लिहायचा? लोकांनी म्हणायला नको, बहीण आली आणि पुस्तकात गोंधळ झाला."

त्याने वर पायऱ्यांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग गुडघ्यांवर हात ठेवून उठला आणि म्हणाला, "बरोबर आहे तुझं. चल."

वर गेलो, पुन्हा खाली आलो, पुन्हा वर. दुसऱ्यांदा उतरायला एकेचाळीस मिनिटं लागली. सगळं होईस्तोवर दुपार गेली. गाडीत त्याचे ओठ निळसर दिसत होते. वारा बोचरा होता. मी खिडकी वर केली.

१३ मे, बुधवार

चौदा झाल्या. खरं लिहायचं तर मला वाटायला लागलंय की तो मुद्दाम वेळ काढतोय. सोंगाचंही एक प्रमाण असतं. बागेतल्या सपाट वाटेवर ऐंशीचा माणूस एवढा थांबत नाही. आमच्या इमारतीतले पंच्याऐंशीचे आजोबा रोज भाजी आणतात. याला पुस्तक संपवायचंच नाहीये. संपलं की घरी जावं लागेल, आणि घरी वहिनी नाही. मला कळत नाही असं नाही. पण माझ्या पाठीचा विचार कोण करणार?

आज म्हणालेही. "हे पुस्तक तुझं, हौस तुझी, आणि फरफट माझी." तो म्हणाला, "पुढची आवृत्ती तू कर. तुझ्या नावाने." मी म्हटलं, माझ्या नावाने काय करायचंय मला, मला घरी माझ्या खाटेवर झोपायचंय. मला नंतर वाईट वाटलं, पण ते मी त्याला सांगितलं नाही.

१६ मे, शनिवार

अक्षर वाचवणार नाही असं येतंय. तरी आजचं आजच लिहिते.

सतरावा क्रमांक, पत्रातली ती खोबण. भरतीच्या कोष्टकात ओहोटी अकराला, आणि एक वाजला की वाट बंद. पायऱ्या संपल्यावर एका मोठ्या खडकाला वळसा घालून वाळूवर जायचं असतं. भरती आली की तो वळसाच पाण्याखाली जातो. उतरायला एकोणपन्नास मिनिटं लागली. मी आकडा लिहून घेतला. दादा वाळूवर टोपी तोंडावर घेऊन आडवा झाला आणि त्याला झोप लागली.

मी त्याला उठवायला हवं होतं. पण हिशोब केला की वाळू ते पायऱ्या शंभर पावलं, सोंग टाकलं तर दोन मिनिटांचं काम. झोपू दे बिचाऱ्याला. एकला दहा कमी असताना उठवला. पाणी खडकाला लागलं होतं. तो उठला, चार पावलं चालला आणि थांबला.

मी म्हटलं, "दादा, सोंग पुरे आता. पाणी येतंय. नीट चाल."

तो म्हणाला, "घाईबाई, हेच नीट."

मी त्याच्याकडे पाहिलं. कपाळावर घामाचे थेंब, वाऱ्यात. ओठ त्या रविवारसारखे निळसर. हात छातीवर नुसता टेकवलेला, जणू तिथे काही सांडू नये म्हणून. तेरा दिवस हेच डोळ्यांसमोर चाललं होतं आणि मी त्याला फक्त टाळ्या द्यायच्या बाकी ठेवल्या होत्या.

त्याचा हात खांद्यावर घेऊन मी ओढत नेलं. वळशापाशी पाणी गुडघ्याच्या वर आलं. तो म्हणाला, "तू हो पुढे, मी येतो." माझ्या तोंडून त्याला नको ती शिवी गेली. मग मी ओरडले. दोन बायका पोहून पायऱ्यांवर अंग पुसत बसल्या होत्या, त्या धावत आल्या. दोघींनी एकमेकींची मनगटं धरून हातांची खुर्ची केली, त्याला बसवलं आणि पाण्यातून काढलं. एकीने तिचा टॉवेल त्याला गुंडाळला. नाव विचारायचं भान मला राहिलं नाही.

आता हॉस्पिटलच्या बाकावर बसले आहे. तो आत आहे. जिवंत आहे.

१७ मे, रविवार

डॉक्टरीणबाई माझ्या भाचीएवढी असेल. म्हणाली, "हृदयाचं पंपिंग तीस टक्क्यांवर आलंय. नोव्हेंबरपासून माहीत आहे त्यांना. गाडी चालवायची नाही, जिने चढायचे नाहीत, असं लेखी दिलंय. तुम्हाला दाखवलं नाही त्यांनी?"

नाही दाखवलं. मला चष्म्याचा नंबर सांगितला.

आत गेले तेव्हा दादा उशीला टेकून बसला होता. नळ्या लावलेल्या. चोरी पकडलेल्या पोरासारखं हसला, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मला सांगायला काय धाड भरली होती?"

"सांगितलं असतं तर तू आणलं नसतंस."

"नसतंच आणलं."

"म्हणून."

मी म्हटलं, "अकरा नंबरला मी तुला दोनदा उतरवलं. दोनदा, दादा. अंदाजे लिही म्हणालास तेव्हा तरी तोंड उघडायचं होतंस."

"तुझं बरोबर होतं. अंदाजे लिहिलं असतं तर तेही त्या बारा मिनिटांसारखंच झालं असतं."

मग हळूहळू, थांबत थांबत बोलला. ते पत्र आलं तेव्हा त्याला राग आला होता. बारा म्हणजे बाराच, त्याने स्वतः मोजलेली. मग एक दिवस तो घराच्या जिन्यात मधेच बसला आणि त्याला कळलं की त्या बाईचे वडील म्हणजे तोच. "तीस वर्षं मी फक्त माझ्यासारख्यांसाठी लिहिलं, तेही धडधाकट होतो तेव्हाच्या. निदान एक आवृत्ती तरी त्या माणसाला उपयोगी पडू दे. आणि मलाही सगळं एकदा बघायचं होतं. दोन्ही खरं आहे."

मला त्याला मारावंसंही वाटलं आणि त्याचे पाय चेपावेसेही वाटले. पाय चेपले. त्याला गुदगुल्या होतात, त्याने ओढून घेतले.

२१ मे, गुरुवार

घरी सोडलं, म्हणजे याच खोलीत. आठ दिवस प्रवास नको असं सांगितलंय. भाची कालच येऊन पोचली आहे. बापाला काही बोलता येत नाही म्हणून सगळा राग माझ्यावर. "आत्या, तुला दिसत नव्हतं?" काय सांगू तिला. दिसत होतं, रोज दिसत होतं, मी त्याला हसत होते. तसंच सांगितलं. मग ती रडली आणि मीही रडले, आणि दादा म्हणाला, "मी अजून आहे इथे, बाहेर जाऊन रडा."

दुपारी हळूच म्हणाला, "सात राहिल्या."

भाची उसळली. पण मी म्हटलं, मी जाते. पाठीचं नाव काढायची लाज वाटते आता.

२४ मे, रविवार

अठरावी खोबण, एकटी. गाडीचं दार, बटण, पायऱ्या, वाळू, बटण. नऊ मिनिटं. वहीत लिहायला गेले आणि हात थांबला. हा आकडा कुणाच्या काय कामाचा? परत वर गेले आणि त्याच्यासारखं उतरायला लागले. जमेना. चार पायऱ्यांत पाय आपोआप पळायला लागतात. थांबले की उगीच थांबल्यासारखं वाटतं, कुठे बसायचं तेच कळत नाही. पुन्हा वर आले. मला सोंगही येत नाही.

शेवटी पार्किंगमधून फोन केला. दादा खोलीत खुर्चीवर. म्हटलं, "तू चाल. मी पायऱ्या उतरते."

त्याला लगेच कळलं. "दार लागलं?" विचारलं. मी दार लावलं. बटण दाबलं. मग त्याने मला उतरवलं. कुठल्या पायरीचा दगड हलतो, कठडा कुठे सुटतो, सगळं त्याला माहीत. "थांब," म्हणायचा, की मी थांबायचे. "बस," म्हणाला की बसायचे. तो श्वास घेऊन म्हणायचा, "चल." अडतीस मिनिटं.

मागून भाची म्हणत होती, "बाबा, तुम्ही खुर्चीत बसून का दमताय?"

२९ मे, शुक्रवार

शेवटची. चोविसावी. काल दादाला बरं नव्हतं. भाची सकाळी म्हणाली, आत्या, आज नको. तो म्हणाला, आजच. डॉक्टरीणबाई येऊन बघून गेली. बोलायला हरकत नाही म्हणाली, चेहरा मात्र तिचा फारसा बरा नव्हता.

एकशेचौसष्ट पायऱ्या आहेत. वरून खाली वाळू दिसतही नाही, नुसता गवताचा उतार आणि पलीकडे पाणी. दार लावलं, बटण दाबलं. पहिल्या वीस पायऱ्यांत तो तीनदा "थांब" म्हणाला. मी थांबले. एकदा त्याने विचारलं, "समुद्र कसा दिसतोय?"

मला असलं काही सांगता येत नाही. म्हटलं, "ओला."

तो हसला, मग खोकला, आणि भाचीने फोन काढून घेतला असावा, कारण थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मी पायरीवर बसून राहिले. मग पुन्हा त्याचा आवाज आला, "चल."

तिथून मी नीट सांगायला लागले. पिवळी फुलं आहेत, डावीकडे, कठड्याच्या फटीतून आली आहेत. खाली दोन जण आहेत, एक कुत्रा आहे, कुत्रा पाण्याला भुंकतोय. एक पायरी खचली आहे, नव्वदच्या आसपास, ते लिहायला हवं. तो "हं" म्हणायचा. हळूहळू "हं" लांब अंतराने यायला लागलं. मी पायरीही तितक्याच अंतराने उतरले. माझे पाय पळत नव्हते. कधी शिकले कोण जाणे.

बुटाला वाळू लागली. म्हटलं, "दादा, पोचले. बंद करू?"

"नको," म्हणाला. "मी अजून वर आहे. खचलेल्या पायरीपाशी बसलोय."

"बरं. ये सावकाश."

मी वाळूवर उभी राहिले. फोन कानाला लावून, घड्याळ हातात धरून. त्याचा श्वास ऐकू येत होता. कुत्रा येऊन माझे बूट हुंगून गेला. त्या दोघांनी सामान आवरलं आणि ते वर गेले. मी एकदाही "किती वेळ" म्हणाले नाही.

"आलो," तो म्हणाला.

मी बटण दाबलं. बावन्न मिनिटं. त्याला मोठ्याने वाचून दाखवलं. त्याने दोनदा वाचायला लावलं आणि म्हणाला, "लिही. बरोबर आहे."

मी म्हटलं, "आता वर जायला किती लागतात ते बघू."

"ते तू मोज, घाईबाई," तो म्हणाला. "मी बसतो इथेच."

मी पायऱ्यांकडे वळले होते. परत फिरले.

"मग मीपण बसते," म्हटलं, आणि बसले.